वित्स्केच्या शेजारची जागा

वित्स्के दर रविवारी चर्चला जायची, आणि का जायची हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं देवाचं नाव घेतलं असतं, आणि ते अगदीच खोटं नसतं. पण खरं कारण असं होतं की डाउवे चर्चला जात नसे.

डाउवे म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर त्यानं गावोगावच्या गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली आणि गेल्या वसंतात तो निवृत्त झाला. गायी सुटल्या, वित्स्के सापडली. ती बटाटे सोलायला बसली की हा शेजारी उभा राहून साल किती जाड निघतेय ते बघायचा. तिनं भांडी धुण्याच्या यंत्रात लावली की ती सगळी बाहेर काढून पुन्हा लावायचा, शास्त्रशुद्ध. ती दुकानात निघाली की हा आधीच सायकल धरून दारात. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

उरला रविवार. आल्डेवेर्त या त्यांच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये डावीकडच्या जाड खांबाआड एक जागा होती, ती वित्स्केची. उपदेश सुरू झाला की सगळ्या पर्समधून पेपरमिंटच्या पुड्या कुरकुरायच्या, वित्स्केही एक तोंडात टाकायची, आणि ती विरघळेपर्यंत जगातलं कुणीही तिच्याकडे काही मागत नसे. पाळकबाई वर बायबलातल्या करिंथकरांबद्दल काहीबाही सांगत असायच्या आणि वित्स्के खाली कशाचाही विचार करत नसायची. देवसुद्धा मध्येच काही विचारत नसे. त्याचा हा गुण तिला फार आवडायचा.

मग एका सकाळी रेडिओनं घात केला. कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी शोध लावला होता की नेमानं चर्चला जाणाऱ्या बायका न जाणाऱ्या बायकांपेक्षा जास्त सुखी असतात. डाउवेनं आवाज वाढवला. ऐकून झाल्यावर त्यानं वित्स्केकडे असं बघितलं, जसं तो पूर्वी दूध न देणाऱ्या यंत्राकडे बघायचा.

"तू सुखी आहेस?" त्यानं विचारलं.

वित्स्केचा हात तव्याच्या करपलेल्या बुडात होता. लक्ष नव्हतं. ती "हो" म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईनं अशी चूक करायची नसते. पुढच्या रविवारी डाउवे लग्नातला कोट घालून दारात उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. जी गोष्ट हिला लागू पडते ती आपल्यालाही पडायला हवी, आणि नाहीच पडली तर निदान ती कशी चालते ते तरी कळेल.

खांबाआडची जागा त्याला पटली नाही. तिथे म्हणे आवाज नीट येत नाही. त्यानं वित्स्केला अगदी मधोमध आणून बसवलं, जिथे तिच्याकडे मागून, पुढून आणि दोन्ही बाजूंनी बघता येत होतं. पेपरमिंट दिली तर ती चघळायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ती कडाकडा चावून खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. उपदेशाच्या मध्यावर त्यानं तिच्या कानात विचारलं, अजून किती, आणि दर थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, आता वाटतंय का सुखी?

तिसऱ्या रविवारी कहर झाला. ध्वनिक्षेपकातून बारीक घूं घूं येत होती. गावाला ती कित्येक वर्षांची सवय होती, बहुतेकांना तर तो पवित्र आत्म्याचाच भाग वाटायचा. सगळ्यांनी मूक प्रार्थनेला डोळे मिटले आणि डाउवे त्या आवाजाच्या मागावर निघाला. स्तोत्र सुरू झालं, मंडळीनं तोंडं उघडली, आणि ऑर्गनचा आवाज आजारी गायीसारखा हंबरत खाली खाली जात बंद पडला. सगळे पुढे बघतात तर व्यासपीठाखालून डाउवेची पाठ, म्हणजे पाठीच्या खालचा भाग, बाहेर आलेला, आणि हातात ऑर्गनला हवा देणाऱ्या भात्याची वायर.

"घूं घूं गेली की नाही?" आतून आवाज आला.

वित्स्केला वाटलं, आता तरी याला घरी पाठवतील. पण पाळकबाई हरखल्या होत्या. आल्डेवेर्तच्या चर्चमध्ये स्वतःच्या पायांनी चालत आलेला पुरुष दिसणं म्हणजे सणच होता. त्यांनी डाउवेला कॉफी दिली आणि पुढच्या उपदेशात त्या संशोधनाचा उल्लेखही केला. ते ऐकून इतर नवऱ्यांनीही कोट झटकले. निंके ही वित्स्केची कॉफीच्या टेबलावरची मैत्रीण. तिचा नवरा पुढच्याच आठवड्यात येऊन बसला, आणि त्या टेबलावर बायकांच्या गप्पांऐवजी ट्रॅक्टरच्या टायरवर चर्चा सुरू झाली.

"तुझ्या त्या डाउवेला आवर," निंके कपबशा विसळताना दात ओठ खात म्हणाली. "मी चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याला घरी झोपवून येत होते. सुखी बायका म्हणे. बाई, मी इतकी दुःखी तर घरातसुद्धा नव्हते."

वित्स्केनं डोकं चालवलं. चर्चचा कारभार पंच बघतात, आणि पंच व्हायला कुणी तयार नसतं. श्वास चालू असलेला कुठलाही माणूस त्यांना चालतो. पंच झाला की बसतोही पंचांच्या बाकावर, बायकोशेजारी नाही. तिनं पाळकबाईंना गाठून डाउवेचं नाव सुचवलं. पाळकबाईंचे डोळे भरून आले. महिन्याभरात डाउवे पंच झाला आणि वित्स्के आपल्या खांबाआड परत गेली.

पण इतकी वर्षं खांबाआड बसल्यामुळे तिनं एक गोष्ट कधी लक्षातच घेतली नव्हती. पंचांचं बाक व्यासपीठाच्या बाजूला आहे, मंडळीकडे तोंड करून. डाउवे त्या बाकाच्या अगदी टोकाला सरकून बसला, म्हणजे खांबाला वळसा घालून ती दिसेल. गोठ्यातल्या कठड्यातून गायीनं मान बाहेर काढावी तशी त्यानं मान काढली आणि पूर्ण उपदेशभर तिच्याकडे बघून हसत राहिला. मध्येच भुवया उंचावून विचारत राहिला: आता? वित्स्केनं पेपरमिंट कडाकडा चावून खाल्ली.

पंचांचं आणखी एक काम असतं. दोघादोघांनी घरोघर जायचं, माणसाच्या आत्म्याची विचारपूस करायची. त्या भेटीत जे बोललं जातं ते कुणालाही सांगायचं नाही, पाळकाला नाही, स्वतःच्या बायकोला किंवा नवऱ्यालाही नाही. यावर गावाचा पूर्ण विश्वास. त्या शरद ऋतूत गल्ल्या वाटून दिल्या, तेव्हा वित्स्केची गल्ली डाउवेच्या वाट्याला आली. तिला वाटलं, आपलं घर तो वगळेल. डाउवेनं आयुष्यात कधी एक गोठा वगळला नव्हता.

बुधवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात काळ्या सुटातला डाउवे, आणि बरोबर येल्टे आजोबा, पंचांत सर्वांत जुने. डाउवेनं पाय पुसले, जे तो एरवी कधी पुसत नसे, आणि आपल्याच खुर्चीत न बसता पाहुण्यांच्या खुर्चीत टेकला.

"ताई," तो घसा साफ करून म्हणाला, "कसं चाललंय आपलं?"

वित्स्केनं त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मग तिच्या मनात आलं की हा पंच आहे. याला सांगितलेलं माझ्या नवऱ्याला कळणार नाही.

आणि ती बोलली. बटाट्यांच्या सालीपासून सुरू केलं आणि भांड्यांपर्यंत आली. दुकान, सायकल, लग्नातला कोट, सगळं आलं. आठवड्यात तिचा असा एकच तास होता, तोही गेला, हे सांगताना तिनं उगाच कॉफीत चमचा फिरवला. डाउवे मांडीवर हात ठेवून ऐकत होता. कान लाल झाले होते, पण मध्ये एक शब्द बोलला नाही. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

"आपले हे यजमान," येल्टे आजोबांनी विचारलं, "चर्चला येतात का?"

"दर रविवारी," वित्स्के म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं, असं त्यांचं मत पडलं.

"मी बघतो," डाउवे हळूच म्हणाला.

प्रार्थना झाली, हस्तांदोलन झालं. दोघं पुढच्या दारानं गेले. थोड्या वेळानं डाउवे मागच्या दारानं आत आला, सूट बदलला आणि जेवायला काय आहे ते विचारलं. कोण आलं होतं, काय बोलणं झालं, चकार शब्द नाही. वित्स्केनं आडून विचारून पाहिलं की आज फिरतीवर काही विशेष?

"ते सांगता येत नाही," डाउवे म्हणाला आणि बटाटे कुस्करत राहिला. साल जाड निघाली होती. तो त्यावर काही बोलला नाही.

रविवारी तो तिच्याआधी तयार झाला. सायकलला हत्यारांची पेटी बांधत त्यानं सहज सांगितलं की शेजारच्या वेस्टरहेमला पंच कमी पडतायत. तिथल्या चर्चमध्ये गार वारं शिरतं, आणि ध्वनिक्षेपकाचं तर विचारूच नको. आता दर रविवारी तिकडेच जावं लागेल. तिची काही हरकत नाही ना?

वित्स्के नाही म्हणाली. फार लवकर म्हणाली, असं तिचं तिलाच वाटलं.

त्या दिवशी ती खांबाआड बसली. बाकाचं टोक रिकामं होतं. पेपरमिंट सावकाश विरघळली. करिंथकर आपल्या जागी होते, देव आपल्या जागी होता, कुणी काही विचारलं नाही. बाहेर पडताना निंकेनं तिचा दंड दाबला आणि वेस्टरहेमला अजून एखादा पंच लागेल का, अशी चौकशी केली. तिच्या नवऱ्यालाही हत्यारं धरता येत होती म्हणे.

दुपारी डाउवे परतला. हात काळे, चेहरा समाधानी. वित्स्केनं साखरेचा पाव कापला आणि त्याला जाडजूड तुकडा वाढला. तिथला वारा बंद केला, तो सांगत होता, ऑर्गनची थोडी गडबड झाली पण ते पुढच्या आठवड्यात बघू. बायका बऱ्याच येतात. तिथे पंचांचं वेगळं बाक नाही, म्हणून त्याला मधोमध जागा दिली, दोघी बहिणींच्या मध्ये, चांगल्या भल्या बायका.

मग तो घास चावता चावता थांबला.

"पण मला वाटतं त्या रेडिओवाल्यांचं काहीतरी चुकतंय, वित्स्के," तो म्हणाला. "मी पूर्ण वेळ बघत होतो. तिथल्या बायका काही सुखी दिसत नाहीत."