कॅमेऱ्यात बल्ब किती वॉटचा बसेल

आमच्या घरातलं थोरलं अपत्य म्हणजे कॅमेरा. मी धाकटी. तो तीन पायांवर उभा राहतो, माझ्या खांद्याला लागतो, आणि बाबांनी त्याचे जेवढे लाड केले तेवढे माझे करायचे राहून गेले, कारण मी हलते.

कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. पुढे पितळी लेन्स, मागे दुधी काच, आणि मधे घड्याघड्यांचा कातडी भाता. काळ्या कापडात डोकं खुपसून मागच्या काचेवर बघायचं. तिथे माणसं उलटी दिसतात, पाय वर, डोकं खाली. काचेवर चित्र स्पष्ट झालं की लेन्सला झाकण घालायचं, तिथेच फिल्मची चौकट सरकवायची, चौकटीवरचा पत्रा ओढून काढायचा, लेन्सचं झाकण काढायचं, परत लावायचं. झाला फोटो. बटण नाही. "बटण दाबतो तो फोटोग्राफर असेल, तर लिफ्टमन कोण?" असं बाबा विचारतात. ह्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

बाबांचा स्टुडिओ म्हणजे आमचीच पुढची खोली. ती बंद झाली वकिलांमुळे. वकिलांच्या संघटनेने झाडाखाली तीन रांगांत उभं राहून ग्रुप फोटो काढून घेतला आणि तो पुसट आला. मागच्या झाडाची पानं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, वकील मात्र वाफेसारखे. त्यांनी दावा ठोकला नाही, कारण फोटोत आपणच आहोत हे एकालाही सिद्ध करता येईना. त्याआधीही दोन-चार गिऱ्हाइकं कुरकुरली होती. बाबांनी दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. "डोळे गेले माझे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून कॅमेऱ्यावर चादर होती आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे.

आणि मग एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "रविवारी कॅमेरा न्यायला गाडी येणार आहे."

"कुणाची गाडी?"

"दिवेवाल्यांची."

दिवेवाले म्हणजे जुन्या वस्तूंचे दिवे करून विकणारे गृहस्थ. शिलाई मशीनचा दिवा, तराजूचा दिवा, ट्रम्पेटचा दिवा. त्यांच्या दुकानात जास्त वेळ गप्प उभं राहिलं तर आपल्याही कानातून वायर ओवतील अशी भीती वाटते. आदल्या आठवड्यात ते येऊन गेले होते. गुडघ्यांवर बसून लेन्समधे डोकावले आणि पाळण्यातल्या बाळाकडे बघून 'कमावतो किती?' विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, "ह्यात बल्ब किती वॉटचा बसेल?"

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बघा, बसेल तो बसवा."

"बाबा," मी म्हणाले, "आपण दुरुस्त करू तो."

"तो ठीक आहे. मी बिघडलोय."

"मग मी काढते फोटो. एकच. स्पष्ट आला तर दिवेवाल्यांना रिकामं परत पाठवायचं."

बाबांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "स्पष्ट म्हणजे? तुमच्या मोबाइलसारखं, सगळ्यांचे गाल धुतल्यासारखे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"फोटोत बारीक अक्षर असलं तर ते वाचता आलं पाहिजे."

"चालेल."

"तर मग घाल काय गोंधळ घालायचा तो. चालता कॅमेरा मी दिव्याला देणार नाही. पण तो चालायचा नाही." आणि त्यांनी कपात बघून चहा संपवला. कप आधीच रिकामा होता.

भात्यापासून सुरुवात केली. बाथरूम अंधारी केली, भात्यात टॉर्च घातली, तर भात्यावर अख्खी आकाशगंगा. जिथे घडी तिथे भोक. मी मामाला बोलावलं. ही माझी पहिली चूक.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्याकडे जगातले सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहेत आणि आपण काहीही दुरुस्त करू शकतो असा जगातला सगळ्यात जाड समज. तो सायकलच्या पंक्चरचं सामान घेऊन आला.

"ट्यूब हवा सोडत नाही, तर भाता उजेड कसा सोडेल?" तो म्हणाला.

आम्ही भोकाभोकावर रबराची ठिगळं लावली. मी दुकानात काळा रंग आणायला गेले तेवढ्यात आईने, ठिगळं दिसायला बरी दिसेनात म्हणून, त्यांच्यावरून जुन्या छत्रीचं कापड शिवलं. मी परतेपर्यंत मामाने ते शिवलेलं सुटू नये म्हणून वरून गोंद फासला. संध्याकाळपर्यंत भात्यातून उजेडाचा कणही आत जाईना, आणि भाताही पुढे-मागे जाईना. तो वाळलेल्या चपलेसारखा झाला होता.

"मजबूत झालाय," मामा म्हणाला.

"मामा, तो वाकायला हवा."

"मजबूत माणूस वाकत नाही."

मग तेल लावून, चोळून, दोघांनी दोन्ही टोकांना धरून ओढलं. अखेर तो एक विव्हळल्यासारखा आवाज करून उघडला. फक्त त्याला खालून कुणीतरी बाळासारखं धरून ठेवावं लागत होतं, नाहीतर मधे लोंबायचा.

फिल्मचा एक जुना डबा कपाटात होता. त्यात चार फिल्म होत्या. फिल्म चौकटीत भरायची ती ठार अंधारात. मी बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबला, खिडकीला पुठ्ठा लावला, आणि आंधळ्यासारखी चाचपडत होते तेवढ्यात बाहेरून बटण दाबलं गेलं आणि आई म्हणाली, "अंधारात काय बसलीस? डोळे बिघडतील. बापाचे बघ."

पहिली फिल्म गेली.

दुसऱ्या वेळी मामा खुर्चीत बसला, मी काळ्या कापडात शिरले, काचेवर उलट्या मामाची मिशीसुद्धा केस न् केस दिसली. चौकट सरकवली, झाकण काढलं, मोजलं, झाकण लावलं. सगळं शास्त्रशुद्ध. चौकटीवरचा पत्रा ओढायचा तेवढा राहिला. फिल्मने त्या पत्र्याचा, आतल्या बाजूने, अत्यंत अचूक फोटो काढला होता. काळोखाचा.

"ह्यात मी कुठाय?" मामाने विचारलं.

"पत्र्यामागे."

तिसऱ्या वेळी सगळं जमलं. आईला बाथरूमच्या बटणापासून दोन हातांवर शपथेवर बसवलं होतं. पत्रा ओढला होता. मी फिल्म धुतली, वाळवली, आणि चित्र होतं! मी ते धरून धावत बाबांकडे गेले. बाबांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. मामा पुसट होता. फिल्मवर काळं-पांढरं उलट असतं; मिशी म्हणजे नाकाखाली पांढरट धूर.

बाबांना आनंद झाला असता तर मी भांडले असते. ते फक्त म्हणाले, "घ्या. तुझेही गेले. आनुवंशिक आहे."

"माझे डोळे उत्तम आहेत!"

"माझेही होते."

आणि ते आत जाऊन झोपले. भर दुपारी. बाबा दुपारी कधी झोपत नाहीत.

मी ती फिल्म घेऊन पायरीवर बसले. एवढा संताप आला होता की दिवेवाल्यांना फोन करून 'सोबत मलाही घेऊन जा, माझ्यात चाळीस वॉटचा बसेल' असं सांगावंसं वाटलं. काचेवर मिशी दिसली होती. मी पाहिली होती. मग ती गेली कुठे? मी फिल्म पुन्हा उजेडात धरली आणि मामाच्या डोक्यामागे, भिंतीवर, कॅलेंडर दिसलं. त्याची एकेक तारीख वाचता येत होती. खालचं छापखान्याचं नावसुद्धा.

मामा पुसट, भिंत स्पष्ट. वकील पुसट, झाड स्पष्ट.

डोळे गेलेला माणूस सगळंच पुसट काढतो. तो दर वेळी नेमका मागच्या वस्तूवर जाऊन पोचत नाही.

मी कॅमेऱ्याची मागची काच काढून हातात घेतली. तिची एक बाजू गुळगुळीत असते आणि एक खरखरीत. चित्र पडतं ते खरखरीत बाजूवर, म्हणून ती बाजू आत, लेन्सकडे हवी; फिल्मही बरोबर तिथेच येऊन बसते. आपण बघतो तिथेच फिल्म बघते, अशी सगळी मांडणी. आमच्या काचेची खरखरीत बाजू बाहेर होती. म्हणजे आपण बघणार एका जागी, फिल्म बसणार काचेच्या जाडीएवढी लेन्सच्या जवळ. तेवढ्याने अख्खा मामा निसटतो आणि त्याच्या मागची भिंत सापडते.

"बाबा!" मी ओरडले. ते उठून आले. मामा आला. "ही काच तुम्ही कधी काढली होती?"

"मी? तिला मी कशाला हात लावू?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आई पदराला हात पुसत दारात आली. "मी काढली होती. काय मळली होती ती! रंगकाम चालू होतं घरात, म्हटलं होऊन जाऊ दे. साबणाने धुतली."

"आणि परत बसवलीस," मी म्हणाले, "उलटी."

"उलटी कशी? बाथरूमच्या खिडकीला काच कशी असते? गुळगुळीत बाजू आत. पुसायला सोपी पडते. तशीच बसवली मी."

आईच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. कॅमेरा बाथरूमची खिडकी असता तर तो आज जगातला सर्वोत्तम कॅमेरा असता.

"रंगकाम," बाबा सावकाश म्हणाले, "वकिलांच्या आधी झालं होतं."

"हो, त्याच वर्षी."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे डोळ्यांना काही झालंच नव्हतं? मग हा चष्मा? हा लावल्यावर मला फरक पडला होता."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा त्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहत होता.

"दाजी, तुमचे डोळे ठणठणीत होते. मी चार वेळा तपासले. चारही वेळा तुम्ही मला गाढव म्हणालात. पाचव्या वेळी मी साधी काच घालून दिली."

"साधी?"

"अगदी साधी. खिडकीची म्हणा."

"बहीण खिडकीवाली, भाऊ खिडकीवाला," बाबा म्हणाले. "मी माणसांत नाही, खिडक्यांत लग्न केलं." मग आईकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "मी पाटी उतरवली गं."

"मला विचारायचं होतं तेव्हाच."

"काय विचारायचं? माझे डोळे का गेले, असं तुला विचारू?"

"हो!" आईच्या डोळ्यांत पाणी आणि आवाजात भांडण एकदमच आलं. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं, काच पुसलीये म्हणून. एवढी वर्षं चादर घालून बसलात, पण बायकोला एक प्रश्न नाही!"

बाबांनी चष्मा मामाच्या हातात ठेवला आणि आत गेले. मी काच सरळ करून बसवली. फिल्म एकच उरली होती आणि दुसरा दिवस रविवार होता.

दिवेवाले भलत्याच उत्साहात आले. दोन हमाल, दोरखंड, आणि हातात नवाकोरा बल्ब. "आधी बसवून बघतो म्हटलं," ते म्हणाले.

"आधी एक फोटो," मी म्हणाले. "तुमचाच."

"माझा? वा वा. केस विंचरतो."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. मामाने भाता खालून कडेवर घेतला. एका ठिगळावर भरवसा नव्हता, म्हणून आई वरून छत्री धरून उभी राहिली. मी काळ्या कापडात शिरले. मिशी स्पष्ट केली की बल्ब पुसट, बल्ब स्पष्ट केला की मिशी पुसट. चित्र जवळ आणू की लांब नेऊ, कळेना. ही फिल्म गेली की संपलं.

"बाजूला सरक," मागून आवाज आला.

बाबा होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी बाहेर आले, ते आत गेले. मामाच्या कडेवरचा भाता पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग कापडातून जुना, दुकानातला आवाज आला. गिऱ्हाइकांना घाम फोडणारा.

"हनुवटी खाली. खाली पैसे पडल्यासारखी एवढी नाही. बल्ब छातीशी धरा. तसाच. श्वास घ्या. सोडा. आता मी सांगेपर्यंत घेऊ नका."

दिवेवाल्यांचा फोन वाजायला लागला. ते हलले नाहीत. हमाल हलले नाहीत. आई छत्रीखाली पुतळा झाली होती. बाबांनी चौकट सरकवली, पत्रा ओढला, झाकण काढलं. फोन वाजतोय, मामा भाता उराशी धरून बसलाय, आणि बाबा मात्र निवांत, चहा गाळत असावेत तसे. झाकण लावलं.

"घ्या श्वास."

दिवेवाल्यांनी इतका मोठा श्वास घेतला की हमाल मागे सरकले.

बाबा बाथरूममधे गेले. आई बटणासमोर पाठ टेकून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. दिवेवाले दोनदा विचारायला आले, बाथरूम कधी मोकळी होईल. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गाडीत जाऊन बसले.

शेवटी कडी वाजली. बाबा ओली फिल्म दोन बोटांत धरून खिडकीपाशी गेले. आम्ही सगळे मागे.

"मेहुणे," बाबांनी हात मागे केला, "चष्मा."

"दाजी, ती साधी..."

"द्या म्हटलं ना."

मामाने खिशातून चष्मा काढून दिला. बाबांनी तो नीट दोन्ही कानांवर बसवला, फिल्म उजेडात धरली आणि मान पुढे केली. फिल्मवर काळ्या चेहऱ्याचे, पांढऱ्या मिशीचे दिवेवाले होते. एकेक केस मोजावा. छातीशी बल्ब. बल्बवर बारीक अक्षरं.

"नऊ वॉट," बाबांनी वाचलं.

दिवेवाले गाडीतून उतरून आले होते. "काय बसतोय का बल्ब?"

"नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही मात्र छान बसलाय. प्रत हवी असेल तर उद्या या." मग त्यांनी चष्मा काढून काचेवर फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"फरक पडतो," ते मामाला म्हणाले.

आईने उघडीच राहिलेली छत्री मिटली आणि स्टुडिओची पाटी शोधायला माळ्यावर चढली. ती पुसायची होती.