तीन नंबर शेड

सुजयचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दापोलीच्या एसटी स्टँडपासून दोन मिनिटांवर आहे. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो आणि त्यानंतर तो लॅपटॉपवर दिवसभराचे चार्ट उघडतो. मी पंचायत समितीत क्लार्क आहे. कार्यालय सुटलं की घरी जायच्या आधी अर्धा तास तिथे बसायचं, ही माझी तीन वर्षांची सवय. सुजय बोलायचा, मी ऐकायचो, आणि जमेल तसे पाच-दहा शेअर घ्यायचो.

त्या एप्रिलमध्ये प्रेमलाताई दुकानात आल्या त्या खरं तर मोबाइलची काच बदलायला. कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला तापमान बघायचं, वाऱ्याची दिशा लिहायची, पाऊस मोजायचा. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. काच बसेपर्यंत त्या लॅपटॉपकडे बघत उभ्या राहिल्या.

"ही रेघ कशाची?" त्यांनी विचारलं.

"मेघनील ऑरगॅनिक्स," सुजय म्हणाला. "आपल्या लोट्याचीच कंपनी. हिरवी कांडी म्हणजे त्या दिवशी भाव वाढला, लाल म्हणजे पडला. खालच्या उभ्या पट्ट्या म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते. हा बघा, वाटीसारखा आकार झालाय. दोनशे पंधराच्या वर गेला की सुटलाच."

"का सुटेल?"

"चार्ट सांगतो."

"आणि कंपनी बनवते काय?"

सुजयने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. माझे चाळीस शेअर होते मेघनीलचे, दोनशे सहाच्या भावाने घेतलेले. ती रंग बनवते की औषधं, मला ठाऊक नव्हतं.

"केमिकल," मी म्हणालो.

ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊनच आल्या. मग रोज यायला लागल्या. त्यांनी मेघनीलचे सहा महिन्यांचे भाव तारखेप्रमाणे उतरवून घेतले. कुठल्या दिवशी उलाढाल फार झाली, ते लाल शाईने लिहिलं. सुजयला वाटलं, बाई शिकतायत. पण त्यांचे प्रश्न काही वेगळेच असायचे. "अकरा फेब्रुवारीला काय झालं होतं?" सुजय म्हणायचा, चार्ट बघणाऱ्याने बातमी बघायची नसते, सगळं भावातच येतं. त्यावर ताई म्हणायच्या, "पारा चढला हे मीही लिहायचे. पण बाहेर ऊन आहे की नाही, ते बघून यायचे."

मे महिन्यात भाव एकशे नव्वदवर आला. मी धास्तावलो होतो. ताईंनी एका शुक्रवारी सहज विचारलं, "सुहास, उद्या सुट्टी आहे ना? लोट्याला येतोस?"

"कशाला?"

"बघायला. चाळीस शेअरचा मालक आहेस तू. एकदा दाराशी तरी जाऊन ये."

सकाळच्या एसटीने खेड, तिथून चिपळूणच्या गाडीने लोटे. औद्योगिक वसाहतीत शिरल्याबरोबर तो आंबूस वास नाकात बसला. मेघनीलचं फाटक निळं, शेजारी उत्पादनांचा फलक. ताईंनी तो पूर्ण वाचला आणि वहीत लिहून घेतला. कापडाच्या रंगांना लागणारी दोन रसायनं, कीटकनाशकांना लागणारं एक. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, सोडणारही नव्हता. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो.

तीन वाजता पहिली पाळी सुटली. कंपनीच्या बसला वेळ होता म्हणून काही जण टपरीवर आले. पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्या बाकावर बसले. ताईंनीच बोलणं काढलं. त्यांचं नाव रावजी, गाव खेडच्या पलीकडे, बारा वर्षं ठेकेदाराकडून इथे काम.

"तुमी कुणाकडं आलाव?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडे नाही," ताई म्हणाल्या. "याच्याकडे तुमच्या कंपनीचे शेअर आहेत. कंपनी कशी आहे ते बघायला आलोय."

रावजी माझ्याकडे असे बघायला लागले की मला बाक सोडून उठावंसं वाटलं. मग म्हणाले, "कितीला चाललाय आमचा शेअर?"

मी मोबाइलवर चार्ट उघडून दिला. त्यांना कांड्यांचा अर्थ सांगितला. दोन मिनिटांत त्यांना तो समजला, मला समजायला आठवडा लागला होता.

"अकरा फेब्रुवारी कुटं हाय?"

ताईंनी वही उघडली. "हिरवी. पाच रुपये वर."

"त्या दिवशी आमची तीन नंबर शेड बंद केली," रावजी म्हणाले. "चाळीस मानसं दुसरीकडं लावली. अजून बंदच हाय. आन मार्चात बॉयलरचं काम निघालं, आठ दिवस माल भायेर गेला न्हाय. तवा?"

"तेव्हा काही नाही. सरळ रेघ."

ते हसले. मग दोघांनी बसून एकेक तारीख ताडून बघितली. रावजींच्या डोक्यात सगळ्या पाळ्या पाठ होत्या. परदेशी पाहुणे आले तो दिवस, ओव्हरटाइम बंद झाला तो आठवडा. पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी उलाढाल फार झाली होती. मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे पुढचे पाहुणे कधी येणार ते कळलं तर..."

"एकदा जुळलं म्हणून काय झालं?" ताईंनी मला मध्येच थांबवलं. "आठ वेळा नाही जुळलं."

बसने हॉर्न दिला. रावजी उठले, पण मोबाइल हातातच होता. "ताई, ह्याच्यात कुटं लिवलेलं असतं का, तीन नंबर परत चालू होनार का न्हाय? आमाला कुनी सांगत न्हाय. इचारलं तर ठेकेदार म्हनतो, मला म्हायत न्हाय."

मी चार्टकडे बघितलं. वाटीचा आकार तेवढा दिसत होता.

"यात नाही," ताई म्हणाल्या. "पण कुणाला तरी माहीत असेलच ना. तुमचा नंबर द्या."

सोमवारी ताईंनी सुजयकडून शेअर ठेवायचं डीमॅट खातं उघडून घेतलं आणि त्याच आठवड्यात मेघनीलचे दहा शेअर घेतले. सुजय म्हणाला, "आत्ता घेऊ नका, अजून खाली येईल." ताई म्हणाल्या, "मला भावाशी काय करायचंय? मालक झाल्याशिवाय प्रश्न कसा विचारणार?"

जुलैअखेर कंपनीचा वार्षिक अहवाल ईमेलने आला. माझ्याकडेही दरवर्षी तसे ईमेल येत असणार, मी कधी उघडले नव्हते. ताईंनी सुजयच्या प्रिंटरवर त्याची पानं छापून घेतली आणि पेन्सिलने खुणा करत वाचली. वार्षिक सभा ऑनलाइन होती. ज्या भागधारकाला बोलायचं असेल त्याने आठवडाभर आधी नाव नोंदवायचं, असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. त्यांनी नोंदवलं.

सभेच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी साडेअकराला आम्ही तिघे सुजयच्या लॅपटॉपसमोर बसलो. ताईंनी रावजींना फोन लावून तो शेजारी ठेवला. त्यांची दुसरी पाळी होती, त्यामुळे ते घरीच होते, आणि मागून आणखी बऱ्याच माणसांचे आवाज येत होते. सुजयने दुसऱ्या खिडकीत चालू भाव उघडून ठेवला होता.

मुंबईचे चार-पाच भागधारक आधी बोलले. त्यातल्या तिघांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं, एकाने लाभांश वाढवा म्हणून विनंती केली. मग ताईंचं नाव पुकारलं गेलं.

"मी मराठीत बोलले तर चालेल का?" ताईंनी विचारलं.

"जरूर, बोला," अध्यक्ष म्हणाले.

"मी दापोलीहून बोलते. माझे दहा शेअर आहेत. लोट्याच्या कारखान्यातली तीन नंबरची शेड अकरा फेब्रुवारीपासून बंद आहे. अहवालात पान एकेचाळीसवर 'नूतनीकरण' एवढाच शब्द आहे. ती शेड पुन्हा कधी सुरू होणार आणि तिथे काम करणाऱ्या चाळीस माणसांचं काय होणार, एवढं मला विचारायचंय."

अध्यक्षांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. उत्तर त्या अधिकाऱ्याने दिलं, आणि सरळ दिलं. तिथलं जुनं उत्पादन कायमचं बंद झालंय. त्या जागी नवी स्वयंचलित यंत्रणा येतेय, मार्चपर्यंत सुरू होईल. कायम कामगारांना तिचं प्रशिक्षण मिळेल. कंत्राटी कामगारांची गरज मात्र नव्या शेडमध्ये राहणार नाही.

मी नकळत भावाच्या खिडकीकडे बघितलं. रेघ हलली नव्हती. फोनमधले आवाज मात्र बंद झाले होते.

"रावजी?" ताई म्हणाल्या. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"वाईट वाटतंय मला. असं उत्तर येईल असं..."

"न्हाय ताई. सात म्हैने कुनी एवडंपन सांगितलं न्हवतं. मार्च म्हनाला ना तो? म्हंजे आमाला येळ हाय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी मेघनील एका झटक्यात सात टक्के वर गेला आणि दोनशे पंधरा ओलांडून थांबला. सुजय खुर्चीतून उठला. "बघा! म्हणालो नव्हतो?" मी दोनशे एकवीसला चाळीसच्या चाळीस विकले. फायदा झाला, आणि घरी जाताना मी पोरांसाठी आइस्क्रीम घेतलं. पण का कुणास ठाऊक, ते मी कुणाला सांगितलं नाही. ताईंनी आपले दहा विकले नाहीत.

रावजींनी आणि त्यांच्या चार सोबत्यांनी बॉयलर अटेंडंटच्या, म्हणजे बॉयलर चालवायच्या परवान्याच्या, परीक्षेचा फॉर्म भरला. अनुभवाचे दाखले ठेकेदाराकडून मिळवायला त्यांना दोन महिने लागले. फॉर्म माझ्याकडून तपासून घ्यायला ते एकदा दापोलीला आले होते, पाचही जण, धुतलेले शर्ट घालून.

गेल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. रावजी पास झाले होते आणि वसाहतीतल्याच दुसऱ्या कारखान्यात एक तारखेपासून रुजू होणार होते. मी धावतच सुजयच्या दुकानात गेलो आणि ताईंना बातमी दिली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. सुजयनेही टाळी वाजवली.

मग ताईंनी विचारलं, "आणि बाकीचे चौघे?"

मी विचारलंच नव्हतं. दुकानातूनच रावजींना परत फोन लावला.