माझ्या पायाखालची फट

मित्रांनो, विनिपेग नावाच्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात एका घरात निजायच्या खोलीला लावलेला भरीव लाकडाचा, रबरी कडांचा दरवाजा मी. आता जुना झालोय. मला वर चढवताना ओरेस्टने जिन्यातच बसकण मारली होती, यावरून माझं वजन ओळखा.

ओरेस्ट घरी अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचं भात्याचं वाद्य, शिकवतो. त्याची बायको हालिना इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी करते, दिवसा झोपते. माझ्याआधीचा पोकळ दरवाजा सगळे सूर आत सोडायचा. शेवटी ती म्हणाली, "डोळ्यांपुढे अंधारी येते रे. औषध देताना हात चुकला तर? या घरात एक तर तुझी शिकवणी राहील, नाहीतर माझी झोप."

म्हणून मी आलो. पहिल्याच दुपारी ती गाढ झोपली आणि मला फार बरं वाटलं.

पण थंडी पडली आणि मला एक कोडं पडलं. तळघरातली घर तापवणारी भट्टी पेटली, की जमिनीतल्या जाळीतून गरम हवा खोलीत येई आणि मला आतून कुणीतरी दाबी. कोण बरं? हालिना तर झोपलेली. मग हवा येणंच मंदावे. खोली गार आणि कोंदट होई, हालिना डोकं धरून उठे.

हिवाळ्यात इथले सगळे करतात तेच ओरेस्टने केलं. तांदूळ भरलेला लांब कापडी साप माझ्या पायाशी ठासला. "गारवा खालूनच शिरतोय," म्हणत दुसराही ठासला. खोली आणखी गारठली. मी कुरकुरून पाहिलं, तर त्याने बिजागरीत तेल घातलं.

"हा दरवाजा आल्यापासूनच खोली गारठते. विकून टाकतो अकॉर्डियन, म्हणजे दरवाजाच नको," एका दुपारी तो वैतागला.

"तुझ्या बाबांचं? वेडा आहेस का?"

"मग काय तुला गोठवू?"

हालिनाने मला उघडलं आणि ती थबकली. जमिनीतल्या जाळीवर लोंबणारा खिडकीचा पडदा फडफडू लागला होता. मला लावलं, तर पडदा निपचित. पुन्हा उघडलं, पुन्हा फडफड.

"ओरेस्ट, माझ्याकडे असे पेशंट येतात. श्वास आत जातो, पण बाहेर सुटत नाही. मग नवा घेणार कुठून? आधीच्या दाराखालच्या फटीतून हवा भट्टीकडे परत जायची. ती फटच आपण बुजवली."

"आणि वर साप ठासले," तो ओशाळला. "पण फट ठेवली तर माझी पोल्का नाचाची धून आत येणार."

"मग हवेला आडवळणाने पाठव. आवाज वळणातच अडकू दे."

त्याने भिंतीत खोलीकडून खाली आणि बाहेरून वर अशी दोन भोकं पाडली. मधल्या वाकड्या वाटेला जाड लोकर लावली. हवा वळून निघून जाते, सूर लोकरीत जिरतात. मला आता कुणी दाबत नाही.

मित्रांनो, दार खुशाल घट्ट लावा, पण आत आलेल्या हवेला परतीची वाट ठेवा. आम्हा दरवाजांना ती सांगता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी हालिना मला सताड उघडते. मी मिटू नये म्हणून तेच दोन साप माझ्या पायाशी टेकवते आणि हाक मारते, "वाजव रे आता, मला ऐकायचंय."