दुसरीची टेप

कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून शिवकन्या सैल पडलेली फीत गुंडाळत होती – खरं तर फीत केव्हाच ताठ झाली होती, तरी ती फिरवत राहिली, कारण थांबलं की ऐकावं लागणार होतं आणि टेप तिच्या हाताखाली शिकणाऱ्या अर्शियाची होती. वर तिचं गोल गोल अक्षर: गुणाबाई, भेट तिसरी. तिसरी! आपल्या याच बाईशी एकवीस झाल्या.

वाचा गेलेल्यांना बोलतं करणाऱ्या नांदेडच्या या वाणी-प्रयोगशाळेत रीतच होती, की जिने भेट घेतली तिने स्वतःची टेप उतरवायची नाही. दुसरीने ऐकायची, शब्द न् शब्द लिहायचा, मधल्या गप्पपणाचे सेकंद घड्याळ लावून मोजायचे, कळलं नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहून पुढे जायचं. स्वतःच्या टेपमध्ये माणूस हवं तेच ऐकतो, म्हणून.

भूकंपात गुणाबाईच्या डोक्यावर माळवद कोसळलं त्याला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती. तिला सगळं समजे, शब्द मात्र एकही बाहेर येत नसे. तो येईल तेव्हा आपल्यापाशीच येईल, हे शिवकन्याने इतक्यांदा मनात घोळवलं होतं की तो शब्द जणू तिच्या नावावरच झाला होता. ती शिकवायची त्या लातुरातल्या क्लासचे शनिवार वाढले म्हणून तिनेच ही बाई अर्शियाला दिली... दिली कसली, चार दिवस सांभाळायला सांगितली.

तिने बटण दाबलं. खरखर. “मावशी, बसा.” मग काहीच नाही. पाच सेकंद... नऊ... चौदा... बोल की गं काहीतरी! नुसती बसलीय ही, याला काय काम म्हणायचं? आपण असतो तर चित्र पुढे केलं असतं, पहिलं अक्षर पुरवलं असतं – पा... पा... – क्लासमध्ये पोरं अडली की पुरवतो तसं. तिथे अडून बसायला वेळ कुणाला, एका प्रश्नाला चाळीस सेकंद. एकवीस टेपांत आपण गुणाबाईला चार सेकंदांच्या वर कधी गप्प राहू दिलं होतं का... आठवेना. आठवायचंही नव्हतं.

एकोणतीस सेकंद. आणि मग जड, घासलेला आवाज –

“उपास... हाय?”

“हाव मावशी. रोजा हाय माझा.”

शिवकन्याने टेप तीनदा मागे नेली. तिन्ही वेळा तेच, लख्ख. हिला टेप उतरवायला शिकवलं कुणी? मी. बाई बोलली ती हिच्या सुकलेल्या ओठांकडे बघून, यात हिचं कर्तृत्व काय? रमजान नसता तर?... तिने कागदावर लिहिलं, ‘अस्पष्ट’. एवढा एकच शब्द. कोण तपासतंय?

दार ढकलून अर्शिया आत आली.

“ताई, ऐकलं का? मावशी बोलल्यासारखं वाटलं मला. का माझेच कान वाजून राहिले? तुम्ही सांगाल तेच खरं धरते मी.”

तिच्या चेहऱ्यावर आशेपेक्षा भीतीच जास्त होती. शिवकन्याने हात कागदावर आडवा ठेवला. ‘नाही’ म्हणायला हाताखालचं ते एक ‘अस्पष्ट’ पुरलं असतं.

“उपास आहे का म्हणून विचारलं तुला,” ती म्हणाली. आवाज रागावल्यासारखा आला.

अर्शिया मटकन खुर्चीत बसली आणि ओढणी तोंडावर घेऊन रडायला लागली. शिवकन्याने कागदावरचा हात काढला नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. हेवा होता तिथेच होता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं – शब्द हिला मिळाला याचं आता काही नव्हतं, पण गुणाबाईने हिला निरखलं होतं, हिची काळजी केली होती, आणि एकवीस शनिवार समोर बसूनही आपण त्या बाईला विचारावंसं वाटेल असं काही दिसूच दिलं नव्हतं... सकाळपासून आपणही काही खाल्लेलं नाही हे तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि ते कुणाला सांगावं ते सुचेना.