चुन्याचा गोल

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर छकड्यांची शर्यत असली की माणसं घरचं लग्न टाकून येतील, मग हातातलं काम कोण विचारतो! त्यात तेहतीस सालच्या माघात पंच बाळाजी पाटलाच्या डोक्यात नवीच हौस शिरली. आदल्या वर्षी शेवटची रेघ खुरांनी पुसली आणि जिंकलं कोण यावरून डोकी फुटली होती. म्हणून यंदा त्याने वाळूत चुन्याचा खळ्याएवढा गोल काढला, शेजारी बांबूवर पांढरं निशाण चढवलं आणि जाहीर केलं, "जी जोडी ह्या गोलात आधी पाय टाकंल तिचा नारळ. मंग कुनी तोंड उघडायचं न्हाय."

ठमाबाई माडांच्या सावलीत आपली जोडी धरून उभी होती. हौशा आणि पवळ्या. नवरा रामचंद्र त्यांना शर्यतीत पळवायचा; तो गेल्यापासून तिने त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं. चौलच्या गिरणीत भाताच्या गाड्या नेऊन ती पोट भरायची. पण धाकटा दीर दयाराम याचा डोळा त्या बैलांवर होता. भावकीसमोर त्याने सांगून टाकलं होतं, "शर्यतीची जोडी बाईच्या दावणीला शोभत न्हाय. माघात शर्यतीचा नारळ आनला तर तुजी, न्हाईतर माज्या गोठ्यात." भावकीने माना डोलावल्या. शर्यतीत बाईने कासरा धरायचा नाही हा गावचा रिवाज, आणि तिच्यासाठी कुणी हाकणारा उभा राहणार नाही याची तजवीज दयारामने घरोघरी फिरून केली होती. असा हा गोड दीर.

तरी तिने पहाटे बैल धुतले, शिंगं रंगवली आणि किनारा गाठला. "ठमे, हाकणारा आन, मंग बगू," म्हणत बाळाजीने नजर फिरवली. "गिरणीचे बैल आले!" म्हणून पोरं हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही.

छकडे रांगेत लागले. बाळाजीने उपरणं उंच केलं, आणि वरून घरघर ऐकू आली. धुरकट हवेतून एक विमान बाहेर पडलं, गोलावरून गिरकी मारली आणि सरळ किनाऱ्यावर उतरायला लागलं!

मग जी पळापळ झाली म्हणता! बैल छकड्यांसकट नारळीच्या वाड्यांत घुसले, माणसं माडांवर चढली, आणि गावचा पंच बाळाजी पाटील एका उलट्या छकड्याखाली सापडला. विमान गोल ओलांडून तिरकं समुद्राकडे गेलं आणि ओल्या रेतीत रुतून थांबलं.

आतून दोन वैमानिक उतरले. एक गोरा साहेब, दुसरा सोराबजी नावाचा पारशी. सोराबजीने हसत टोपी काढली. "जुहू ना? सत्काराला लई मानूस जमला!"

"रेवदंडा!" छकड्याखालून बाळाजी ओरडला.

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की चूक दुसऱ्याचीच. मुंबईला जुहूच्या विमानांच्या मैदानावरही असाच पांढरा गोल होता, तिथेही माड, तिथेही समुद्र, आणि तिथे आज त्यांच्या स्वागताला गर्दी जमायची होती. धुरकटातून खाली दिसलं ते सगळं जमून आलं होतं.

पण भरती काही साहेबाला विचारून येत नाही. लाटा चाकांकडे सरकायला लागल्या. सोराबजीचं हसू मावळलं. "खेचा बाबा, खेचा! पानी आवते!" माणसांनी खांदे लावले तसं विमान आणखीच रुतलं. बैलच हवे होते, आणि बैल गाव सोडून पळाले होते.

दोन सोडून. हौशा आणि पवळ्या माडाखाली निवांत रवंथ करत होते. गिरणीच्या इंजिनाशेजारी वर्षभर उभं राहिलेल्या जनावरांना विमानाचं काय कौतुक!

कोळ्यांनी होडीचा जाड दोर आणला. दयारामने पुढे होऊन ठमाबाईच्या हातातला कासरा हिसकला, बैल जुंपले आणि सपासप छडी ओढली. हौशाने पाय रोवले. पवळ्याने शिंग हलवलं. पाणी चाकांना लागलं तरी जोडी जागची हलेना.

ठमाबाईचं मस्तक फिरलं. "सोडा भावजी! मारू नका माज्या बैलांना!" तिने पदर खोचला आणि कासरा ओढून घेतला. हौशाच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "चल माज्या राजा."

दोर ताठ झाला. रेती चुर्रर्र करून सुटली. विमान हललं, वर आलं, घट्ट वाळूवर टेकलं. "थांबव, थांबव, झालं!" माणसं ओरडली. पण ठमाबाई थांबली नाही. तिची नजर चुन्याच्या गोलावर होती. लोकांना ते कळलं तसा एकच गलका उठला. मघाशी हसणारी पोरं तिच्याबरोबर धावायला लागली. बैलांनी मान खाली घातली आणि मागे विमान घेऊन गोलात पाय टाकला.

"ही काय शर्यत न्हाय!" दयाराम किंचाळला. "बाईनं कासरा धरला!"

बाळाजी छकड्याखालून निघून अंगाची वाळू झटकत होता. "कासरा तूबी धरला व्हतास की. बैल हलले का?" मग त्याने साऱ्या किनाऱ्यावरून नजर फिरवली. "दुसरी कंची जोडी गोलात दिसते का कुनाला? न्हाय ना? मंग सांगितलं व्हतं, कुनी तोंड उघडायचं न्हाय." आणि नारळ त्याने ठमाबाईच्या हातात ठेवला.

सोराबजी हात जोडून बाईचे आभार मानून गेला. शर्यतीच्याच पट्टीवरून धावत विमान उडालं तेव्हा सारा गाव माना वर करून बघत राहिला. हौशा-पवळ्याने डोकं वर उचललं नाही.

ठमाबाईने छकड्याच्या चाकावर नारळ फोडला. एक तुकडा हौशाला दिला, एक पवळ्याला. तिसरा तिने दयारामपुढे धरला.

"घ्या भावजी," ती म्हणाली. "माज्या बैलांचा हाय."