अबोली रंगाची रिकामी जागा

फाल्गुन सरत आला होता. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पाणी आटून वाळूची पाठ उघडी पडली होती, ऊसतोड संपलेली शिवारं जळक्या पाचटाच्या वासानं कोंदली होती, आणि कऱ्हाडच्या माथ्यावर दुपारचं ऊन, धुरकट, म्लान, श्रांत ऊन, वाळत घातलेल्या जुन्या धोतरासारखं पसरलं होतं. त्या उन्हात एकटा पांगारा तेवढा पेटला होता. पान नाही, सावली नाही, नुसता लाल.

त्या उन्हातून रोज तीन वाजता यशवंत माळवदे नावाचा साठीचा शिंपी दुकान बंद करून निघायचा. काखेत चौकटीची वही, कानावर पेन्सिल, गळ्यात विसरून राहिलेली मापाची टेप. मंडईमागच्या माडीवर ग्राफिक डिझाइनचा एक वर्ग होता. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या आणि खिदळणाऱ्या पोरींच्या मागं, शेवटच्या बाकावर, हा शुभ्रकेशी विद्यार्थी अंग चोरून बसायचा.

गल्ली हसली. यशवंताला म्हातारचळ लागला म्हणाली. त्यामागचं कारण गल्लीला ठाऊक नव्हतं असं नाही. ती विसरली होती, इतकंच.

चार वर्षांपूर्वी, अशाच एका फाल्गुनात, त्याची एकुलती एक लेक, वृषाली, सकाळी कॉलेजला जाते म्हणून गेली आणि परत आली नाही. एकोणीस वर्षांची होती. अंगात अबोली रंगाचा कुर्ता होता, बापानंच शिवलेला, गळ्याला जांभळी पट्टी लावलेला. एसटी स्टँडवर तिला कुणीतरी पाहिलं, एवढंच कळलं. पुढं काही कळलं नाही. पोलिसांच्या दप्तरात नोंद झाली, आणि नोंदीवर धूळ बसली.

ती गेली त्याच संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून यशवंतानं लेक हरवल्याचा एक कागद सांगून टाइप करून घेतला होता. सतरा ओळींचा. बापाला लेकीचं जे जे ठाऊक असतं ते सगळं त्यानं त्या कागदात कोंबलं: उंची, वर्ण, वेणीची लांबी, कॉलेजचं नाव, घराचा पत्ता, उजव्या मनगटावर इस्त्रीनं भाजल्याचा डाग. फोटोला जागाच उरली नाही. तो कोपऱ्यात बसला, अंगठ्याच्या पेराएवढा, शाईत काळवंडलेला.

तो कागद स्टँडच्या भिंतीवर लागला. एका बाजूला वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर चाळीस हसरे चेहरे आणि जोडलेले हात. दुसऱ्या बाजूला मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात. मधे सतरा ओळी. चार वर्षं माणसं त्यावर पाठ टेकून बिड्या ओढत राहिली. वाचलं कुणीच नाही.

आणि यशवंतानं मनाशी एक गाठ मारून ठेवली. पोर सापडली नाही, कारण कागद कुणी वाचला नाही. चूक कागदाची होती. चुकीच्या मापाचा सदरा उसवता येतो, पुन्हा बेतता येतो. कागदही येईल. मग लोक बघतील, मग कुणीतरी ओळखेल, मग फोन वाजेल. या एका गाठीवर तो माणूस जगत होता.

शिकवायला समीना मुजावर नावाची मुलगी होती. तेवीस वर्षांची, अबोल, नीटनेटकी, बोटांना कायम शाई लागलेली. वृषालीही आता तेवीसची असेल, हे यशवंताच्या मनात रोज यायचं आणि रोज तो ते गिळायचा. समीना त्याला काका म्हणायची. तो तिला मॅडम म्हणायचा.

ती रेषा शिकवायची. अक्षरांच्या कडा एका अदृश्य दोरीवर टेकवायच्या, म्हणजे डोळा अडखळत नाही. हे यशवंताला शिकवावं लागलं नाही. कापडाचा उभा धागा चुकला की सदरा कसा अंगावर रडतो, हे त्याच्या बोटांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. ती रंगांचं वैर शिकवायची, काळोखाशेजारी उजेड ठेवायची. ते तो तहानेल्यासारखा प्यायचा. रात्रीच्या निळ्याजवळ अबोली कशी उजळते ते पाहताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो चष्मा पुसायच्या निमित्तानं खाली बघायचा.

एके दिवशी ती जवळीक शिकवत होती. फळ्यावर दहा ठिपके विखुरलेले, मग पाच-पाच एकत्र. म्हणाली, "ज्यांचं एकमेकांशी नातं हाय, त्यांना लांब ठेवायचं नाही. लांब ठेवलं की बघणाऱ्याला ते परके वाटतात."

यशवंतानं पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी त्यानं पुढं काही लिहून घेतलं नाही.

चैत्र लागला. कडुनिंबाला पांढरसर, मंदगंधी मोहर आला. वर्गात ज्यानं त्यानं आपलं एक पोस्टर करायचं ठरलं, आणि यशवंतानं वहीतून घडीचा, पिवळा पडलेला, सतरा ओळींचा कागद काढून समीनापुढं ठेवला. फळ्याला टेकून तिनं तो सगळा वाचला. चार वर्षांत तो संपूर्ण वाचणारी ती पहिलीच.

मग हलक्या आवाजात म्हणाली, "काका, डोळा एका वेळी एकच गोष्ट धरतो. ह्यातलं काय काढलं तर चालंल?"

काय काढलं तर चालेल. बाप त्या कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं घराचा पत्ता काढला. कॉलेजचं नाव काढलं. उंची काढली, वर्ण काढला, वेणीची लांबी काढली. टाके उसवावेत तशी एकेक ओळ तो उसवत गेला, आणि दर ओळीला लेक थोडी थोडी हातातून जात राहिली. आठवडाभर हे चाललं.

शेवटी मनगटावरचा डाग उरला. सात वर्षांची असताना तिनं बापाच्या तापल्या इस्त्रीला हात लावला होता. ती रडली नव्हती. बापच रडला होता, आणि तिनंच त्याचे डोळे पुसले होते. यशवंतानं त्या ओळीवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. समीनानं घाई केली नाही. मग त्यानं तीही काढली.

उरलं ते असं. सगळा कागद अबोली. घरी ट्रंकेत जपलेलं कुर्त्याचं कातरण त्यानं आणलं होतं, आणि समीनानं रंग त्याच्याशी ताडून, तीनदा फिरवून, तंतोतंत जमवला होता. उजव्या अंगाला वृषालीचा चेहरा, मोठा, स्वच्छ, सरळ बघणारा. खाली दोन शब्द, "हरवली आहे", आणि काळाभोर फोन नंबर. बाकी डावीकडं काही नाही. निव्वळ, निःशब्द, विस्तीर्ण अबोली. "ही जागा भरायची नाही," समीना म्हणाली. "हिच्यामुळंच नजर चेहऱ्याकडं जाती."

पोस्टर स्टँडवर लागलं, आणि काय सांगावं, माणसं थांबली.

भाजीची पाटी घेतलेल्या बाया थांबल्या. कंडक्टर थांबले. कॉलेजच्या पोरींनी मोबाइलवर फोटो काढले. मळकट, गिचमिड, नेत्यांनी गजबजलेल्या त्या भिंतीवर ते एक अबोली मौन दुरून दिसत होतं. यशवंत समोरच्या बाकावर बसून लोकांच्या नजरा मोजत होता. आधी चेहरा, मग शब्द, मग नंबर. जसं शिकवलं होतं, अगदी तसंच. चार वर्षांत पहिल्यांदा तो त्या रात्री पोटभर जेवला, आणि इंदुमतीनं, त्याच्या बायकोनं, न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

इंदुमती दुकानाच्या उंबऱ्यात शेंगा सोलत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले. यशवंतानं फोन कानाला लावला तेव्हा त्याच्या पायाखालचं मशीनचं चाक अजून फिरत होतं.

"स्टँडवरचं पोस्टर बघितलं तुमचं," पलीकडून एक अनोळखी, खुशीतला आवाज आला.

"हां," यशवंत म्हणाला.

"लई भारी झालंय. कुणाकडनं करून घेतलं? आमच्या मिठाईच्या दुकानाचा बोर्ड करायचाय."

यशवंतानं भिंतीकडं तोंड करून, हलक्या आवाजात समीना मुजावर हे नाव सांगितलं. मंडईमागची माडी सांगितली. तिचा नंबर दोनदा, सावकाश सांगितला, कारण पलीकडचा माणूस लिहून घेत होता. मग त्यानं फोन खाली ठेवला. चाक थांबलं होतं.

"कुणाचा हुता?" इंदुमतीनं विचारलं.

"राँग नंबर."

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. दाणे वाटीत पडत राहिले, आणि त्या आवाजाखाली यशवंताच्या आत काहीतरी शांतपणे विझलं. चार वर्षं त्याची आशा त्या वाईट कागदाच्या आडोशानं जगली होती. लोकांनी बघितलं नाही, एवढं त्याला म्हणता येत होतं. आता साऱ्या कऱ्हाडनं बघितलं होतं. गावोगावच्या गाड्या त्या स्टँडवर थांबत होत्या, खिडक्या-खिडक्यांतून डोळे बघून जात होते. सगळ्यांनी तिला नीट, स्पष्ट, डोळे भरून पाहिलं होतं, आणि ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता दोष द्यायला कागद उरला नव्हता.

वैशाख आला. नद्या सुकल्या, पांगाऱ्याचा लाल कधीच झडून मातीला मिळाला. यशवंत अजून तीन वाजता दुकान बंद करायचा, पण माडीचा जिना चढायचा नाही. स्टँडवर जायचा, समोरच्या बाकावर बसायचा. त्याच्यासमोर, रोज थोडं थोडं, वैशाखवणव्याचं ऊन तो कागद पीत होतं. आधी ओठांचा रंग गेला. मग गालांचा, मग त्या दोन शब्दांचा. मग अबोली फिकी झाली, फिकीची विटकी झाली, विटकीची दुधाळ झाली.

समीना एकदा मुद्दाम आली, बाकावर शेजारी बसली. "काका, दुसरी प्रिंट काढू या? रंग उडाला."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम."

मग उठताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेली.

ऊन कलंडलं. भिंतीवर काळा नंबर तेवढा ठळक होता, कारण काळी शाई उन्हाला दाद देत नाही. त्याच्यावर चेहरा नव्हता, चेहऱ्याची जागा होती. यशवंतानं गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. गाड्या येत होत्या, गाड्या जात होत्या, माणसं उतरत होती, आणि उतरणारा प्रत्येक डोळा क्षणभर त्या कागदावर थांबत होता. आधी पांढरं, मग पांढरं, मग नंबर.