घर राखायला ठेवलेलं लाल अंडं

मी एक जुनं अंडं आहे. हसू नका मित्रांनो, वर्षभर टिकलेलं अंडं तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून सांगतो.

आमच्या सर्बियाच्या खेड्यांत गुड फ्रायडेला अंडी रंगवतात. कांद्याच्या सालांच्या पाण्यातून जे पहिलं लाल होऊन निघतं, ते घर राखतं. ते कुणी खात नाही. देवाच्या तसबिरीपाशी, गव्हाच्या वाटीत त्याला वर्षभर मान असतो. पुढच्या ईस्टरला नवं आलं की जुनं मातीत पुरतात.

खरं सांगू? मी पहिला नव्हतोच. पहिलं अंडं स्टानोय्काच्या पळीतून निसटून फुटलं. तिची सासू द्रागिन्या अंगणात कोंबड्यांवर खेकसत होती. स्टानोय्काने फुटकं अंडं गुपचूप खिशात घातलं आणि मला वाटीत बसवलं. "कुणाला काय कळतंय," ती पुटपुटली.

घरात माणसं तिघंच. स्टानोय्काचा एकुलता एक मुलगा स्रेतेन एकोणीस वर्षांचा होता. येता-जाता मला विचारायचा, "काय हवालदार, घर ठीक आहे ना?" आजी ओरडायची, "मेल्या, देवापुढे तरी थट्टा नको." मला मात्र भारी अभिमान वाटायचा. रोज कुणी हवालदार म्हणू लागलं की आपल्यालाही ते पटायला लागतं हो.

सप्टेंबरात, आलुबुखार तोडायच्या दिवसांत, उतारावर ट्रॅक्टर उलटला. स्रेतेन त्याखाली सापडला. मी वाटीत बसून होतो.

त्यानंतर माझ्यावर धूळ साचली. एकदाच स्टानोय्का जवळ आली आणि म्हणाली, "तू पहिला नव्हतास. मी फसवलं, म्हणून गेला तो." मी जीव तोडून सांगत होतो, बाई गं, पहिलंसुद्धा अंडंच होतं, त्याने काय ट्रॅक्टर धरला असता? पण माझं बोलणं मोठ्या माणसांना ऐकू येत नाही.

पुन्हा ईस्टर आला. स्टानोय्काने अंडी रंगवली नाहीत, दारही उघडलं नाही. अंडं म्हणजे प्रभूचं थडगं, असं आमच्याकडे सांगतात. कवच फुटतं आणि आतून जीव बाहेर येतो. ऐकायला छान आहे. पण मित्रांनो, मी उकडलेला आहे. माझ्या आत पिवळं वाळून खडा झालंय. माझ्यातून काय बाहेर येणार?

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सगळं गाव लाल अंडी घेऊन कबरस्तानात जातं, मेलेल्यांना प्रभू उठल्याचं सांगायला. द्रागिन्याने मला रुमालात बांधलं.

"मी येत नाही," स्टानोय्का म्हणाली.

"नको येऊस. पण माझे गुडघे गेलेत, टेकडी चढवत नाही. मला धरायला तरी चल."

कबरीपाशी मला पाहताच स्टानोय्काचा बांध फुटला. "आई, हे पहिलं नव्हतं. पहिलं फुटलं होतं, मी लपवलं. माझ्यामुळे गेला तो."

द्रागिन्या गवतात मटकन बसली. "वेडे, त्या दिवशी तो बैलगाडी जुंपत होता. ट्रॅक्टर ने, लवकर आटपेल, असं मी सांगितलं त्याला. मग मी काय करू?"

मग म्हातारीने मला मातीवर ठेवलं आणि म्हणाली, "ख्रिस्त उठला आहे." हे शब्द कुणी म्हटले की 'खरंच उठला आहे' असं उत्तर द्यायचंच, अशी आमची रीत.

"मग माझा का नाही उठत?"

"मला माहीत नाही गं."

"आणि तरी म्हणता?"

"म्हणते. तूही गप्प राहिलीस तर मी एकटी पडते."

"खरंच उठला आहे," स्टानोय्का म्हणाली. आभाळाकडे नाही, सासूकडे बघत. तिला ते पटलं असेल का? मला नाही वाटत. मी जवळून पाहिलंय तिला.

मित्रांनो, आता मी इथेच मातीत जाईन. माझ्यासारखी अंडी नीट नाही सांभाळलीत तरी चालेल. पण घरात कुणी मुकं झालं असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याच्या मनातलं विचारा आणि आपल्या मनातलंही सांगा. सात महिने त्या दोघी एकाच टेबलावर जेवत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की स्रेतेनला आपणच मारलं.